थांब, वळवतोय

रंगनाथ अण्णा गेले हे मला जवळजवळ महिन्याने कळलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. माझ्या जुन्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. तीच प्रयोगशाळा, तिसऱ्या रांगेतला तोच कुरकुरणारा पंखा, आणि प्रत्येक यंत्राच्या कपाळावर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलेले आकडे. ते अक्षर अण्णांचं. आकडा लिहून झाला की खाली एक बारीक रेघ ओढायची त्यांना सवय होती. त्या रेघा पाहिल्या आणि प्रिंटरमध्ये कागद घालत असलेल्या नव्या सहायकाला मी सहज विचारलं, ''रंगनाथ अण्णांची काही खबर?'' तो मान वर न करता म्हणाला, ''ते गेले ना मॅडम. तेरावासुद्धा झाला. तुम्हाला माहीत नव्हतं?'' ... माझ्यासमोर तोंडी परीक्षेला एक मुलगी बसलेली होती. घाबरलेली. मी प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला. पाठवलेल्या माहितीची पोच आली नाही, तर पाठवणारं यंत्र काय करतं? ती म्हणाली, ''वेग निम्मा करतं मॅडम.'' का? ''त्याला वाटतं रस्त्यात गर्दी झालीय.'' आणि गर्दी नसेलच तर? हे तिच्या पुस्तकात नव्हतं. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मी नाशिकला आले ती नव्वदचं दशक संपता संपता. गंगापूर रोडला एका घरात वरची खोली, खाली दिवसभर टीव्ही लावून बसणाऱ्या घरमालकीणबाई, आणि सकाळी साडेआठची कॉलेजची बस. जळगावला आई. तिला दर रविवारी फोन करायचा आणि तिने दर रविवारी तेच विचारायचं, ''तुझं ते पीएच.डी.चं कधी संपणार?'' माझे मार्गदर्शक दुसऱ्या शहरात होते, वर्षातून दोनदा भेटायचे आणि दोन्ही वेळा माझा विषय नव्याने समजावून घ्यायचे. विषय असा होता की चालती बस, चालता माणूस, त्याच्या हातातलं यंत्र एका बिनतारी जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जातं, तेव्हा माहितीचा ओघ का अडखळतो आणि तो अडखळू नये म्हणून काय करावं. स्टाफरूममध्ये हे सांगायला लागलं की समोरचा सहकारी डबा उघडायचा. त्यांचा दोष नव्हता. त्या काळी आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे मोबाइल नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता ते त्यावर बोलण्याऐवजी त्याच्या झाकणाचा रंग दाखवायचे.

अण्णा आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. वय पन्नाशीच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. घरचा मळा मखमलाबादच्या अंगाला. थोडी भाजी, थोडा निशिगंध, थोडी शेवंती. पहाटे फुलं तोडायची, सकाळी बाजारात करंड्या उतरवायच्या आणि मग सायकलवर कॉलेज. दहावीला बसले होते, इंग्रजीने दगा दिला. प्रयोगशाळेत आले की सीडीच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून निशिगंधाच्या चार कांड्या माझ्या टेबलावर ठेवायचे. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना झापलं होतं, यंत्रांच्या शेजारी पाणी ठेवतात का म्हणून. त्यांनी डबा उचलून खिडकीत ठेवला, आणि पुढची सात-आठ वर्षं तो खिडकीतच राहिला. कांड्या मात्र रोज आल्या. नाशिकमध्ये माझ्यासाठी रोज न चुकता काहीतरी आणणारं दुसरं कुणी नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मोजमापांसाठी मला फिरणारा माणूस हवा होता. प्रयोगशाळेतून माझं यंत्र माहिती पाठवणार, आणि तो माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्याला केबलने मोबाइल जोडून, वणीच्या बसमध्ये बसणार. त्या रस्त्याला तेव्हा टॉवर विरळ होते, डोंगर जवळ यायचे, रेंज जायची-यायची, म्हणजे मला हवं ते सगळं होतं. विद्यार्थी रविवारी येईनात. अण्णा म्हणाले, ''मी जातो की. बसायचंच तर काम हाय.'' कॉलेजचा एकुलता एक लॅपटॉप त्यांनी फुलांच्या करंडीवर टाकायच्या ओल्या फडक्यात नव्हे, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि दर रविवारी सकाळी दहाच्या बसने जायला लागले. बरोबर एक लांबट, कापडी पाठीची नोंदवही. तिच्यात त्यांनीच पाच रकाने आखले होते. ठिकाण, वेळ, दांड्या, पोच, शेरा. दांड्या म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी रेंज, आणि पोच म्हणजे माझ्या यंत्राचं उत्तर त्यांच्या लॅपटॉपवर आलं की नाही ते.

पहिल्याच रविवारी मी घोळ घातला. बस दिंडोरीच्या पुढे गेली असेल, किती माहिती पोचली ते दाखवणारा माझ्या पडद्यावरचा आकडा थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला वाटलं लॅपटॉपची बॅटरी संपली, किंवा अण्णांनी केबल ओढली, किंवा बसच बंद पडली. मी सगळं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तासाभरात असं चार वेळा केलं. माझ्याही पुढ्यात तसेच रकाने आखलेला कागद होता, त्यात मी पोचेच्या रकान्यात घडाघडा 'नाही' लिहून टाकलं होतं. संध्याकाळी अण्णा परत आले, त्यांच्याकडची मोजमापं बघितली तर सगळी तुटक, कशाचा कशाला मेळ नाही. त्यांच्याकडचं सगळं ठीक चाललं होतं, दर वेळी मीच इकडून तोडत होते. अण्णांनी माझा कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ''मॅडम, तुम्ही लय घाई करता. 'नाही' असं का लिव्हलं? गाडी ह्या टॉवरवरून त्या टॉवरवर चालली व्हती. उत्तर वाटंतच व्हतं.'' मग मला काय लिहायचं ते त्यांनीच ठरवून दिलं. उत्तर आलं नाही तर काहीही लिहायचं नाही. रकान्यातलं ते घर रिकामं ठेवायचं. ''पुढचा टॉवर येऊ द्या. मग काय ते लिव्हा.'' शोधनिबंध वाचून मला जे समजायला दोन वर्षं लागली होती ते हा माणूस वणीच्या बसमध्ये बसून एका सकाळी शिकून आला होता, आणि वर मलाच शिकवत होता. मला थोडा रागच आला.

यंत्राचंही माझ्यासारखंच होतं. तारांच्या जाळ्यात वाढलेली यंत्रं ती. तारेतून पाठवलेलं माहितीचं पाकीट हरवलं तर बहुतेक वेळा कारण गर्दीच असतं, त्यामुळे त्यांना शिकवलेलं असतं की पोच आली नाही तर समज, पुढे कोंडी आहे. हात आखडता घे. तरीही पोच नाही? मग आणखी थांब, दर खेपेला आधीच्या दुप्पट. ही समजूतदारपणाचीच शिकवण आहे, सगळ्यांनीच पुढे रेटलं तर कुणाचंच काही पोचणार नाही. पण समोरचा माणूस चालता असेल, तो फक्त जागा बदलत असेल, तर हीच शिकवण घात करते. रस्ता मोकळा असतो, माणूस पलीकडे येऊन उभा राहिलेला असतो, आणि पाठवणारं यंत्र आपल्याच समजुतीत हळू हळू होत गेलेलं असतं.

यावर उपाय मला अण्णांनी दिला. 'दिला' हा शब्द मी आता लिहिते आहे, तेव्हा मी तो वापरला नाही. कॉलेजात नुकतंच वायफाय आलं होतं, जेमतेम फाटकापर्यंत पोचायचं. फाटकाबाहेर मोबाइलचं मंद नेट. त्यामुळे बसशिवाय आमचा दुसरा प्रयोग असा चालायचा की अण्णांनी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून फाटकातून बाहेर जायचं आणि परत आत यायचं. वॉचमन त्यांना म्हणायचा, ''अण्णा, नवस बोललात का काय?'' अशा चाळीसएक फेऱ्या झाल्यावर आम्ही फाटकाशेजारच्या कट्ट्यावर चहा घेत बसलो होतो. मी वैतागलेली. अण्णा म्हणाले, ''आमच्या दारं धरण्यासारखं झालं हे.'' ज्यांचे मळे आहेत त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. विहिरीवरची मोटार सुरू केली की पाणी पाटाने येतं, आणि पाटाशी फावडं घेऊन उभा असलेला माणूस एक वाफा भरला की त्याचं तोंड बंद करून पुढच्या वाफ्याचं उघडतो. याला म्हणतात दारं धरणं. अण्णा वाफ्यावर आणि त्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरपाशी. मध्ये उसाचा पट्टा, एकमेकांना दिसायचे नाहीत. त्यामुळे वाफ्यात पाणी पडतंय तोवर अण्णा मधून मधून हाक द्यायचे, ''येतंयऽऽ'', आणि काकूंना कळायचं की सगळं ठीक आहे. ''पर वाफा बदलायला वाकलो का हाक राहून जायाची,'' अण्णा म्हणाले. ''हिला वाटायचं पाट फुटला. ही मोटार बंद करायची. मंग पाटातलं पानी जिरायचं, अन् पुन्ना मोटार चालू केली तरी पाट भिजून पानी इथवर यायला अर्धा घंटा.'' मग काय केलंत? ''काय करायचं? वाकायच्या आधी हाक द्यायची. थांब, वळवतोय. मोटार बंद करायची नाय, स्टार्टरला हात लावायचा नाय, निसतं थांबायचं. एवढंच.''

मी चहाचा कप तसाच ठेवून आत गेले. हातातल्या यंत्राला जाळं बदलण्याची चाहूल लागते, जुन्याची रेंज उतरत असते, नव्याची चढत असते. जुनं तुटायच्या आधी त्याने मागे एक हाक द्यायची. पाठवणाऱ्याने ती ऐकून वेग कमी करायचा नाही, वाढवायचाही नाही, हात जिथे आहे तिथे धरून ठेवायचा. पलीकडे पोचल्यावर यंत्राने पुन्हा हाक द्यायची आणि नवा रस्ता मोठा आहे की लहान तेही सांगायचं. अशा धर्तीचं काम जगात इतरत्रही चाललं होतं, ते मी वाचलंही होतं, पण माझ्या हाताला ते त्या कट्ट्यावर लागलं. तीन आठवड्यांत प्रोग्रॅम तयार झाला. त्यातल्या त्या संदेशाला मी रोमन अक्षरांत 'वळवतोय' हेच नाव दिलं. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आकडा थांबला, थांबून राहिला, आणि मग एका क्षणात जिथे होता तिथूनच धावायला लागला. मी खुर्चीत बसून एकटीच हसले. दुपारी वणीच्या स्टँडवरून अण्णांचा मिस कॉल आला. दोन रिंगा आणि कट.

हे मिस कॉलचं आमचं ठरलेलं होतं. बोलायला पैसे पडायचे, रिंगला पडत नसत, आणि सारा देश तेव्हा रिंगांवर बोलत होता. पोचलो, दोन रिंगा. मी उलट दोन रिंगा दिल्या की माझीही पोच झाली. प्रयोग संपले तरी रविवारचा तो रिवाज सुटला नाही. सकाळी दहाच्या सुमाराला फोन दोनदा वाजायचा, मी दोनदा वाजवायची. आईचा फोन सोडला तर रविवारी माझ्या खोलीत तेवढाच आवाज असायचा. आई गेल्यानंतर तेवढाच राहिला.

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत एका वयस्क परीक्षकांनी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? मी म्हणाले, ''निरीक्षणातून.'' खोटं नव्हतं ते, कुणाच्या निरीक्षणातून एवढंच राहिलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी 'प्रयोगशाळेतील कर्मचारी वर्ग' असं लिहिलं होतं. त्या वर्गात एकच माणूस होता. मग कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, प्राचार्यांचं भाषण. मी उत्तरादाखल बोलले, मार्गदर्शकांचे, प्राचार्यांचे, आईचे आभार मानले आणि खाली बसले. प्रोजेक्टरची वायर धरून अण्णा भिंतीशी उभे होते. ती वायर हलली की चित्र जायचं, म्हणून कार्यक्रमभर ती हाताने धरूनच ठेवली होती त्यांनी. खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं. पुन्हा उठता आलं असतं... माईक अजून चालू होता. मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीत निशिगंध होता, तसाच. अण्णा काही बोलले नाहीत, आणि मी तो विषय काढला नाही. पण तेव्हापासून त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात एक अढी बसली, त्यांच्याविषयीची नव्हे, माझ्याविषयीची. त्यांनी मला ओळखलं आहे असं मला वाटत राहिलं.

पुढे काही महिन्यांतच अण्णांची नोकरी संपली. मळा धाकट्या भावाकडे सोपवून ते काकूंच्या माहेरी राहायला गेले, वणीच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. काकूंची आई तिथे एकटी होती. त्याच सुमाराला मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात रुजू झाले. तिथे माझ्या जुन्या कार्डाला रेंज नव्हती, म्हणून दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलं. तेव्हा कंपनी बदलली की नंबर बदलायचा. सगळ्यांना एकाच वेळी एसएमएस धाडला, हा माझा नवा नंबर, इंग्रजीत. जुनं कार्ड जुन्या हँडसेटमध्येच ठेवलं, फोन बंद केला आणि कपाटाच्या खणात टाकला. रविवारी अण्णांचा मिस कॉल आला नाही. दिवसभर वाट पाहून रात्री मी केला तर ते क्षेत्राबाहेर. त्या आठवड्यात मी रोज केला, कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी. मग आठवड्याने एकदा. मग महिन्याने. मग दिवाळीला... प्रत्येक वेळी त्याच बाईचा तोच आवाज, आणि प्रत्येक वेळी माझी समजूत अधिक पक्की की अण्णा दुखावले आहेत, त्यांना बोलायचं नाही, आपण त्यांच्या मागे लागू नये. मला त्यात समंजसपणाच वाटत होता. वणीची बस दिवसभर सुटत असते. मी एकदाही चढले नाही. ज्या चुकीवर मला पदवी मिळाली, तीच चूक मी दोन वर्षं रोज करत होते, आणि मला ती ओळखू आली नाही. त्यांना इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. रेंज नसलेल्या फोनसाठी एसएमएस फार दिवस थांबत नाही, मग गळून पडतो, हे तर मी वर्गात शिकवत होते.

परीक्षेच्या त्या दिवसानंतरच्या रविवारी मी दहाच्या बसने गेले. वणीला उतरून पुढे जीप, पुढे पायी. काकूंनी मला ओळखलं नाही, आम्ही दोनदाच भेटलो होतो. नाव सांगितल्यावर त्यांनी पदराने ओट्यावरची धूळ झटकली. मग म्हणाल्या, ''तुमी व्हय? या. बसा. पानी घ्या आधी.'' अण्णा सकाळी मेथीच्या वाफ्यात गेले होते, छातीत दुखतंय म्हणून बांधावर बसले आणि तिथेच आडवे झाले. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी विचारलं, अण्णा माझ्यावर रागावले होते का? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. ''राग? कशाचा?'' मी सत्काराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ''ते तर घरी आल्यावं लय खूश व्हते. म्हनले, मॅडमच्या भाषनात एकदाबी चित्र गेलं नाय.'' त्या पुढे म्हणाल्या, ''इथं घरात रेंज नाय. त्या टेकाडावं येती. दर ऐतवारी धा वाजता जायाचे. मी म्हनायची, आता कशाला जाता, त्या बाई मोठ्या झाल्या, इसरल्या. तर मलाच बोलायचे. एकदा कालेजातबी जाऊन आले, तर सुट्टी व्हती. वॉचमन नवा, त्याला काय सांगता आलं नाय.''

आत जाऊन त्यांनी नोंदवही आणून माझ्या हातात दिली. तीच, कापडी पाठीची. ''ह्यात काय ते तुमालाच कळंल,'' म्हणाल्या, ''मला वाचाया येत नाय.'' मी ती टेकाडावर घेऊन गेले. वर एक सपाट दगड आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला म्हणावा असा. मोबाइल काढून पाहिला तर दोन दांड्या. समोर सप्तशृंगीचा डोंगर, खाली मेथीचे वाफे, अर्धे वाळलेले. पहिली पानं आपली ओळखीचीच, दिंडोरी, वणी, फाटक आत, फाटक बाहेर. मग एक कोरं पान, आणि त्यानंतर पुन्हा तेच पाच रकाने, तशीच आकड्यांखाली बारीक रेघ. ठिकाण, टेकाड. वेळ, दहा. दांड्या, कधी दोन, कधी एक. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. प्रत्येक रविवार. एकदा शेऱ्यात 'पाऊस, छत्री नेली'. एकदा 'ताप, उशिरा गेलो'. शेवटची ओळ ते गेले त्याच्या आदल्या रविवारची.

पोचेच्या रकान्यात एकाही ठिकाणी 'नाही' लिहिलेलं नाही. दोन वर्षांची सगळी घरं रिकामी आहेत. आणि त्यातल्या अगदी पहिल्या ओळीपुढे, शेऱ्यात, एवढंच आहे: 'फोन बंद. मॅडम वळवत असतील. थांबायचं.' त्याखालच्या ओळींना त्यांनी हाच शेरा लागू केला आहे, वरीलप्रमाणे अशा अर्थाच्या दोन छोट्या खुणा, प्रत्येक रविवारी न चुकता.

घरी आल्यावर मी खणातून जुना हँडसेट काढला, रात्रभर चार्जिंगला लावला आणि सकाळी चालू केला. ते आजन्म इनकमिंगचं कार्ड होतं, बहुतेक अजूनही जिवंत असेल असं वाटलं. घरात त्याला रेंज मिळेना म्हणून गच्चीत घेऊन गेले. तिथे आली. काहीच आलं नाही त्यावर, दोन वर्षं बंद असलेल्या फोनला मागचं काही मिळत नसतं. तरी आता तो मी बंद करत नाही. नोंदवही माझ्या टेबलावर आहे. रविवारी दहा वाजता मी ती उघडते, पेन हातात घेते, शेवटच्या ओळीतलं ते रिकामं घर बघते, आणि तसंच ठेवून वही मिटते.